फुकटच्या खताने उजाड होणारे रान

रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया : लॉस एंजेलिसची वस्ती विरळ होऊन पूर्वेकडच्या टेकड्या सुरू झाल्या की कंबरेएवढ्या, राखी पानांच्या, उग्र वासाच्या झुडपांचे रान लागते. ‘कोस्टल सेज स्क्रब’ हे त्याचे इथले नाव. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात, तोही जेमतेम. महानगरातल्या मोटारींचा धूर आणि गोठ्यांमधला अमोनिया समुद्रवाऱ्याबरोबर इकडे येतो, कोरड्या उन्हाळ्यात पानांवर नि मातीवर साचतो आणि पहिल्या पावसात एकदम मुळांशी उतरतो. सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यात वर्षाला हेक्टरी 20 किलोहून अधिक नत्र असे पडते. आपल्याकडे शेतकरी पदरचे पैसे मोडून युरिया टाकतो. इथे रानाला तेच फुकट मिळते, मग बिघडले कुठे?

बिघडले आहे जमिनीखाली. या झुडपांच्या मुळांत मायकोरायझा बुरशी राहते. तिचे तंतू दूरवरून स्फुरद आणि पाणी आणतात, बदल्यात झुडूप तिला साखर देते. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळली की या बुरशीचे बीजाणू हाती लागतात. त्यांतले मोठे तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. लुईस एगर्टन-वॉरबर्टन आणि एडिथ ॲलन या अभ्यासकांनी स्वच्छ भागापासून प्रदूषित भागापर्यंतची माती अशी तपासली. 2000 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : नत्र वाढत जाते तसे बीजाणू आणि त्यांच्या जाती घटतात. गिगास्पोरा, स्कुटेलोस्पोरा या मोठ्या बीजाणूंच्या बुरशा मागे पडतात आणि लहान बीजाणूंची ग्लोमस माजते. झुडपाचा जुना भागीदार असा दुबळा होत असतानाच भूमध्य प्रदेशातून आलेले ब्रोम गवत आयते नत्र झपाट्याने उचलते, उन्हाळ्याआधीच वाळते आणि झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकते. पूर्वी जिथे आग अडायची, तिथे आता ती पसरते. जळालेल्या जागी आधी गवतच उगवते.

खरा शत्रू बुलडोझर आहे, असे काही जण म्हणतात. घरे आणि शेतीने या रानाचा मोठा हिस्सा गिळला, हे खरेच. पण जिथे बुलडोझर कधी पोचला नाही, तिथल्या राखीव टेकड्यांवरही गवत चढले आहे. शिवाय जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात मुद्दाम नत्र घालून केलेल्या प्रयोगांतही विदेशी गवत वाढले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : धूर तर कमी होत चालला आहे. नायट्रोजन ऑक्साइड घटले, याचे श्रेय कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांना द्यायलाच हवे. मात्र मोटारींच्या धुराड्यातले धूर शुद्ध करणारे यंत्र स्वतः थोडा अमोनिया सोडते. कोरड्या प्रदेशात साचलेले नत्र धुऊन निघायला पुरेसा पाऊस नसतो, आणि दरवर्षी कुजणारे गवत ते पुन्हा मातीत घालते. मुळात कायद्याचे मापच अपुरे आहे. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी 1971 साली ठरलेली 53 पीपीबीची (अब्ज भागांत 53 भाग) वार्षिक मर्यादा हवेत वायू किती आहे ते मोजते, जमिनीवर किती पडले ते नाही. या रानाला वर्षाला हेक्टरी सुमारे 10 किलोपलीकडे नत्र सोसत नाही, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. याच रानात राहणाऱ्या नॅटकॅचर या चिमुकल्या पक्ष्याला 1993 मध्ये संरक्षण मिळाले आणि पुढे रिव्हरसाइड जिल्ह्यात त्याच्यासह अनेक जीवांसाठी सुमारे पाच लाख एकर राखण्याची योजना आखली गेली. ती जमीन राखायची तर हवेत धूर सोडण्याच्या परवान्यांतही हा 10 किलोचा आकडा यायला हवा.