‘वर्कोहोलिक’ ही पदवी नव्हे!

परवा दवाखान्यात एक मध्यमवयीन दुकानदार आले. डोके जड, झोप नाही, अशी तक्रार. रक्तदाब मोजला तर १७०/११०! “काम जरा कमी करा,” म्हणताच सोबतचा मुलगा हसून म्हणाला, “डॉक्टरकाका, आमचे बाबा वर्कोहोलिक आहेत.” ते ऐकून वडीलही खूश झाले, जणू पदवीच मिळाली!

हा शब्द आला कोठून? दारूच्या आहारी गेलेल्याला इंग्रजीत ‘अल्कोहोलिक’ म्हणतात. त्यातला ‘होलिक’ हा खरे तर वेगळा प्रत्यय नाही. पण गमतीने तो तोडला गेला आणि कशालाही जोडला जाऊ लागला. चॉकलेटवेडा तो ‘चॉकोहोलिक’, खरेदीवेडा तो ‘शॉपोहोलिक’. ‘वर्कोहोलिक’ हा शब्द रूढ केला अमेरिकेतील वेन ओट्स यांनी. त्यांच्या लहान मुलाने एकदा वडिलांशी बोलण्यासाठी चक्क भेटीची वेळ मागितली! दारुड्यासारखेच आपणही कामाच्या आहारी गेलो आहोत, हे त्यांना उमगले. १९६८ मध्ये त्यांनी तसा लेख लिहिला आणि १९७१ मध्ये पुस्तक. म्हणजे हा शब्द ही कबुली होती, कौतुक नव्हे.

आपणही ‘मी पक्का चहाबाज’ असे अभिमानाने सांगतोच. मग आवड कोणती आणि व्यसन कोणते? चार प्रश्न स्वतःला विचारावेत. कमी करायचे ठरवूनही जमत नाही का? प्रमाण वाढत चालले आहे का? मिळाले नाही तर त्रास होतो का? नुकसान दिसत असूनही सुटत नाही का?

चहाचेच पाहा. त्यातील कॅफीनची सवय झालेल्याने चहा एकदम सोडला, की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, सुस्ती येते, चिडचिड होते. हा त्रास दोन ते नऊ दिवस राहू शकतो. निर्जळी उपासाच्या डोकेदुखीत याचाही वाटा असतो. म्हणून चहा एकेक कप करत कमी करावा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र ती एकदम बंद करताना डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. फिट येऊ शकते.

चॉकलेटची आवड हा आजार नाही. मात्र खेळ हाताबाहेर गेला तर तो आजार ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत व्हिडिओ गेमच्या विकाराची नोंद आहे. कामाचे वेड त्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून नाही, पण त्याचे परिणाम खरे आहेत. याच संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला.

पोटासाठी राबावे लागते, हे मान्य. पण चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासावा, आठवड्यातून अर्धा दिवस स्वतःचा ठेवावा आणि रात्रीची झोप मोडू नये.

त्या दुकानदारांना औषध लिहून दिले. मग मुलाला विचारले, “बाबा तुमच्यासोबत शेवटचे कधी जेवले?” तो बराच वेळ आठवत राहिला. या वेळी मात्र दोघांपैकी कोणी हसले नाही.