पडझडीचा आराखडा

लेगोच्या विटेवरच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 मिलिमीटर. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या कंपनीने 1958 साली या जोडणीचं पेटंट घेतलं आणि मापं तेव्हापासून तीच आहेत. या मापांना काटकोनाची सवय. रोमचं कोलोसियम मात्र लंबवर्तुळाकार: सुमारे 189 मीटर लांब, 156 मीटर रुंद आणि 48 मीटर उंच. त्याच्या बाहेरच्या भिंतीत सरळ रेघ शोधूनही सापडायची नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये कंपनीने रॉक झ्गालिन कोबे यांनी रचलेला कोलोसियमचा संच बाजारात आणला. त्यात 9,036 तुकडे होते. तोवरचा तो सर्वांत जास्त तुकड्यांचा संच म्हणून त्याचा गाजावाजा झाला; वर्षभरात तो विक्रम मोडलाही. आकड्यापेक्षा मला त्यातल्या वळणाची गंमत जास्त वाटते. मूळ वास्तूच्या खालच्या तिन्ही मजल्यांवर प्रत्येकी ऐंशी कमानी होत्या, म्हणजे एका कमानीच्या वाट्याला सरासरी साडेचार अंशांचं वळण येतं. विटा वाकत नाहीत. तेव्हा भिंतीचे छोटे सरळ खंड करायचे, ते किंचित कोनात एकमेकांशेजारी उभे करायचे आणि उरलेलं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडायचं. त्यातून लंबवर्तुळाचा स्वभाव असा, की टोकांशी वळण जास्त आणि बाजूंना कमी. सगळीकडे एकच कोन धरला तर हाती गोल विहीर येईल.

मापांतही एक चलाखी आहे. पायासकट हे मॉडेल 59 सेंटिमीटर लांब आणि 27 सेंटिमीटर उंच भरतं. लांबीचं प्रमाण उंचीला लावलं तर इमारत जेमतेम 15 सेंटिमीटरची व्हायला हवी. पायाची जाडी वजा केली तरी उंची मुद्दाम वाढवलेली आहे हे उघड आहे. मला ही लबाडी वाटत नाही. कोलोसियमखाली उभं राहून मान वर करणाऱ्याला जे दिसतं, ते टेबलावर आणायचं तर प्रमाणाशी थोडी बेइमानी करावीच लागते.

दगड आणि प्लॅस्टिक यांच्यात एक नातंही आहे. इ.स. 70 नंतर सम्राट वेस्पेशियनने हे काम काढलं आणि त्याचा मुलगा टायटस याने 80 मध्ये उद्‌घाटन केलं. तिव्होलीजवळच्या खाणींतून आणलेले ट्रॅव्हर्टाइनचे चिरे चुन्याशिवाय, कोरडेच एकमेकांवर बसवले होते. त्यांना धरून ठेवायला लोखंडी पकडी होत्या. त्यांत सुमारे 300 टन लोखंड गेलं असा अंदाज आहे. मध्ययुगात लोकांनी ते उकरून नेलं. आज भिंतीवर देवीच्या व्रणांसारखे जे खड्डे दिसतात, ते त्या चोरीचे. लेगोतही जोडणी कोरडीच; विटा धरून ठेवतं ते केवळ घर्षण. अंगठ्याने दाबली की टक् आवाज होतो, वीट बसते. नख घालून ओढली की निघते.

मात्र मॉडेल करणाऱ्याला सगळ्यांत आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: कुठलं कोलोसियम बांधायचं? आपल्याकडे दिवाळीत अंगणात केलेला किल्ला नेहमी नांदता असतो. तट धड, बुरुजावर निशाण, मावळे पहाऱ्यावर; ढासळलेला बुरूज मुद्दाम कुणी करत नाही. लेगोने मात्र आजचं पडकं कोलोसियम निवडलं. दक्षिणेकडची बाहेरची भिंत नाही, आतली ठेंगणी भिंत उघडी पडलेली. ही पडझड 1349 च्या भूकंपाची. ती बाजू तुलनेने भुसभुशीत गाळाच्या जमिनीवर होती, म्हणून तीच आधी गेली. पडलेला दगड पुढे रोममधल्या इतर बांधकामांना लागला.

हा पेच जुना आहे. अठराव्या शतकात रोम पाहायला येणाऱ्या युरोपीय धनिकांसाठी अँटोनियो किकी बुचाची मॉडेलं करायचा. खडबडीत बूच झिजलेल्या दगडासारखं दिसतं, त्यामुळे भग्नावशेष दाखवायला ते सोयीचं. जर्मनीतल्या कासेलला त्याचा मोठा संग्रह आहे. त्याच काळातल्या कार्लो लुकांजेलीने उलट वाट धरली. लाकडात त्याने अखंड, नव्यासारखं कोलोसियम उभं केलं.

लेगोला बुचाची ही सोय नाही. खऱ्या कोलोसियमच्या पूर्वेकडे भिंतीचं मोडकं टोक सावरायला वास्तुविशारद राफाएले स्टर्न यांनी 1807 च्या सुमारास विटांचा धिरा बांधला. कमानींचे चिरे निसटत होते तसेच ठेवून त्यांनी पोकळी विटांनी बुजवली, त्यामुळे अर्ध्यावर घसरलेले दगड आजही तिथे अडकलेले दिसतात. लेगोची वीट अशी अर्धवट घसरत नाही. ती बसते तरी, नाहीतर खाली पडते.

सिडनी विद्यापीठाच्या निकल्सन संग्रहालयाने यातून मधला मार्ग काढला. रायन मॅकनॉट यांनी 2012 साली तिथे दोन लाखांवर विटांचं कोलोसियम केलं, त्यात निम्मं रोमनकालीन आणि निम्मं आजचं. पाठोपाठ त्यांनी अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस केलं आणि ते नंतर थेट अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयाला भेट देण्यात आलं. त्या संग्रहालयाला नकलांचं वावडं नाही. पार्थेनॉनची बरीचशी मूळ शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असल्यामुळे वरच्या दालनात त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती लावलेल्या आहेत.