माहेरघर : अरण्यांतील प्रसूतीची पूर्वतयारी

प्रसूतीसाठीं रुग्णालयांत जावयाचें म्हटलें, कीं शहरांतील घरांत प्रथम एक पिशवी भरली जाते. धुतलेलीं लुगडीं, बाळाचीं टोपडीं-दुपटीं, तपासणीचे कागद तींत ठेवावयाचे आणि कळा सुरू झाल्या म्हणजे वाहन बोलवावयाचें, एवढा हा बेत असतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. कारण रुग्णालय जवळ आहे, हें गृहीत धरलेलें असतें. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत हें गृहीतच खोटें ठरतें, आणि म्हणून तेथें तयारी या शब्दाचा अर्थ निराळा होतो.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग वनांनीं व्यापलेला आहे. दक्षिणेकडील भामरागड हें तालुक्याचें ठिकाण गडचिरोली शहरापासून दीडशें किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथें पामुलगौतम, इंद्रावती आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात; पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर येऊन वाट बंद पडण्याचे प्रसंग वर्षानुवर्षें घडत आले आहेत. आंतल्या टोल्यांतून तर मोटारीच्या रस्त्यापर्यंत पोंचण्यासाठींच कित्येकदां स्त्रीला खाटेवर निजवून, ती खाट खांद्यांवर घेऊन, नाले ओलांडावे लागतात.

इकडे निसर्ग मात्र थांबत नाहीं. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाला आणि उपचार मिळाला नाहीं, तर दोन तासांच्या आंतही स्त्रीचे प्राण जाऊं शकतात. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनीं १९९४ मध्यें मातामृत्यूंचा विचार करतांना तीन विलंब सांगितले : उपचार घेण्याचा निर्णय करण्यांतील विलंब, रुग्णालयापर्यंत पोंचण्यांतील विलंब, आणि तेथें पोंचल्यावर योग्य उपचार मिळण्यांतील विलंब. शहरांतील पिशवी या तिहींपैकीं एकही विलंब टाळीत नाहीं. अरण्यांतील तयारीला पहिल्या दोहोंवर तरी मात करावीच लागते.

यावर उपाय साधा आहे : कळा येण्यापूर्वींच रुग्णालयाच्या दारीं जाऊन राहावें. क्यूबा देशांत १९६२ पासून अशीं प्रसूतिपूर्व निवासगृहें चालूं आहेत. महाराष्ट्र शासनानें राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळांत आदिवासी भागांतील कांहीं प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारीं अशीच घरें उभीं केलीं, आणि गडचिरोली जिल्ह्यालाही त्यांचा लाभ झाला. त्यांना नांव मिळालें ‘माहेरघर’. दिवस भरत आलेली स्त्री कांहीं दिवस आधीं तेथें येते. बरोबर सोबतीण असते, लहान मूल असल्यास तेंही येतें. जेवणाची सोय होते आणि तपासणी वेळच्या वेळीं घडते. पहिल्या बाळंतपणाला मुलीनें माहेरीं जावें, ही आपली रूढी. त्या रूढीचेंच बोट धरून स्त्रीला वैद्यकाजवळ आणावें, हें या नांवांतील मर्म होय.

तथापि घर बांधल्यानें स्त्री येतेच असें नाहीं. मोहफुलें वेंचण्याचे, तेंदूपानें तोडण्याचे आणि धानाच्या रोवणीचे दिवस ठरलेले असतात. त्या दिवसांची मजुरी बुडाली तर वर्षाचा हिशेब चुकतो. घरीं मुलें असतात, गुरें असतात. शिवाय माडिया बोलणाऱ्या स्त्रीला मराठी परकी वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें गडचिरोलींत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. रुग्णालय कसें असावें, हें त्यांनीं आदिवासींनाच विचारलें. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीति वाटते, नातलगांना जवळ राहूं देत नाहींत, अशीं उत्तरें आलीं. म्हणून शोधग्राम येथील रुग्णालय झोपड्यांच्या गांवासारखें रचलें गेलें, नातलगांस तेथें राहतां येऊं लागलें, आणि दंतेश्वरी देवीचें नांव त्याला देण्यांत आलें. मनाची तयारी हीही तयारीच आहे, हें यावरून दिसतें.

आतां प्रत्यक्ष बेत पाहूं. सातव्या महिन्यांतच चार गोष्टी ठरवाव्या : कोणत्या रुग्णालयांत जावयाचें, सोबत कोण येणार, मागें घर कोण सांभाळणार, आणि वाहन कोठून मिळणार. १०८ व १०२ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते खरी. पण ज्या गांवीं दूरध्वनीच पोंचत नाहीं, तेथें निरोप कोण नेणार हेंही आधीं ठरलेलें असावें. रक्तगट, रक्तांतील लोहाचें प्रमाण आणि या भागांत आढळणाऱ्या सिकलसेल रोगाची तपासणी झालेली असावी. रक्त देऊं शकतील अशीं दोन माणसें हेरून ठेवावीं. गांठोड्यांत तपासणीचें कार्ड, बँकेचें पुस्तक, धुऊन उन्हांत वाळविलेलीं मऊ सुती वस्त्रें आणि बाळासाठीं टोपी एवढें पुरे. रक्त जाणें, पाणी जाणें, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहूं नये.

प्रसूतीनंतर लगेच घरीं परतण्याची घाईही टाळावी. पहिले दोन दिवस माता आणि बालक या दोघांनाही जपण्याचे असतात. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयांत प्रसूति, औषधें, आहार आणि जाण्यायेण्याचें वाहन हीं विनामूल्य आहेत. तेव्हां खर्चाच्या धास्तीनें लवकर निघण्याचें कारण नाहीं. बाळाला पहिल्या तासांतच अंगावर पाजावें, उबेंत ठेवावें, पहिल्या दिवशीं न्हाऊं घालूं नये. पुढची काळजी घरींही घेतां येते : ‘सर्च’नें ३९ गांवांत स्त्री-आरोग्यदूतांकरवीं घरोघर नवजात बालकांची शुश्रूषा केली, आणि नवजात बालकांचे मृत्यु त्यामुळें निम्म्याहून कमी झाले, हा अनुभव १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला.

दूरच्या गांवीं नोकरीवर असलेल्या शहरी कुटुंबांनाही हाच नियम लागू पडतो. रुग्णालय किती दूर आहे, हें किलोमीटरांत मोजूं नये. पावसाळ्यांतील मध्यरात्रीं तेथें पोंचण्यास किती वेळ लागेल, त्यावरून मोजावें. तो वेळ फार असेल, तर पिशवी भरण्याआधीं निघण्याचा दिवस ठरवावा.