टर्बोप्रॉप इंजिनाचं तापमान वाढलेलं दिसलं, तर?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालं, तेव्हा तिथून मुंबईला गेलं ते एटीआर ७२. सुप्याहून उत्तरेला, काकडी गावातून. याला दोन टर्बोप्रॉप इंजिनं असतात. एकाचं तापमान जास्त दिसू लागलं, तर लगेच इंजिन खोलत नाहीत. दोन्हींचा टॉर्क सारखा ठेवून इंधनाचा प्रवाह आणि कॉम्प्रेसरचे फेरे ताडून पाहतात. तेही वाढलेले असतील, तर इंजिन खरंच तापतंय: कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मळ बसलाय किंवा दाबाची हवा कुठेतरी गळतेय. मळ असेल तर बऱ्याचदा धुण्यानेच काम भागतं. बाकी सगळं ठीक आणि फक्त तापमान जास्त, तर संशय थर्मोकपल, वायर किंवा मीटरवर. वाईट प्रकार उलटा: सैल जोडामुळे आकडा कमी दिसतो, पायलट निर्धास्त, आणि आत टर्बाइनची पाती भाजत असतात.