मोडी कागद आणि संगणक

न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने २०२३ साली जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाची किंमत महाराष्ट्राला एकाएकी कळली. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा जुना कारभारही याच लिपीत चाले. मूळचे आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या गावच्या जमिनी आणि हक्क आता कागदातच पाहावयाचे. तेव्हा हे कागद संगणकात कसे उतरवावेत, हा प्रश्न हौशी संशोधकांपुरता राहिलेला नाही.

कागदाचे छायाचित्र काढून ठेवणे सोपे आहे. पण नुसत्या छायाचित्रात एखादे नाव शोधू म्हटले तर सापडत नाही, कारण संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याला फक्त आकडा कळतो. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला युनिकोड नावाच्या व्यवस्थेने एकेक क्रमांक दिला आहे. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५. मोडीला स्वतःचे क्रमांक मिळाले ते २०१४ साली. अंशुमान पांडे यांनी त्यासाठी २०११ मध्ये सविस्तर प्रस्ताव मांडला होता. मोडी ‘क’चा क्रमांक ७११८२. त्यापूर्वी दुसऱ्याच अक्षरांच्या क्रमांकांवर मोडीचे आकार चढवून काम भागवीत. छापलेल्या पानावर ते उत्तम दिसे. मात्र तो टंक ज्या यंत्रावर नसेल तेथे मोडीचा मागमूसही उरत नसे.

मोडीत काना, मात्रा, उकार लागताच अक्षराचे रूप पालटते. हे पाहून नवख्याला वाटते की प्रत्येक रूपाला वेगळा क्रमांक असेल. तसे नाही. क्रमांक अक्षराचा, त्याचे वळण देणे हे टंकाचे काम.

इथवर सारे सुरळीत. खरी गोम पुढे आहे. मोडी लिहिणारा कारकून ह्रस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नसे. दोहोंना एकच खूण चाले. युनिकोडात मात्र ह्रस्व उकार ७१२१९ आणि दीर्घ ७१२२०. आता ‘कुणबी’ हा शब्द घ्या. एकाने उकार ह्रस्व टंकिला, दुसऱ्याने दीर्घ, वेलांटीचेही तसेच. एकाच शब्दाच्या चार नोंदी होऊ शकतात, आणि एक शोधणाऱ्याला बाकीच्या तीन सापडत नाहीत. ‘जुन्नर’ आणि ‘शिवनेरी’ यांचीही हीच गत. शिवाय शब्द तोडून लिहिण्याची चाल मोडीत नव्हती, हा निराळाच ताप.

हे दुखणे आपले एकट्याचे नाही. मंगोलियाची जुनी उभी लिपी १९९९ साली युनिकोडात आली. तिच्यात ‘त’ आणि ‘द’ बहुतेक ठिकाणी सारखेच दिसतात, पण क्रमांक उच्चाराप्रमाणे वेगळे दिले. परिणामी पडद्यावर हुबेहूब सारखा दिसणारा शब्द आत वेगवेगळ्या आकड्यांचा असू शकतो, आणि शोध फसतो.

माझ्या मते यावर उपाय माणसांनी आधी ठरविण्याचा आहे. एखाद्या वाचनालयाने गावचे कागद उतरविण्यास घेतले, तर एकच खूण कोणत्या क्रमांकाने टंकावयाची हे पहिल्याच दिवशी ठरवून सर्वांना लेखी द्यावे. शोधयंत्रणेने ह्रस्व-दीर्घ एकच मानावेत. मोडी उताऱ्याशेजारी आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे देवनागरी ओळ द्यावी, आणि मूळ कागदाचे छायाचित्र प्रत्येक नोंदीला जोडावे, म्हणजे वाचनाविषयी शंका आलेल्या माणसाला थेट कारकुनाच्या हस्ताक्षरापर्यंत जाता येईल.