बायको आणायचीय? आधी पगाराची स्लिप दाखवा!

मुलाचा पगार विचारण्यात आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकी पुढे, असं वाटत असेल तर ब्रिटनचं गृहखातं बघा. परदेशी नवरा किंवा बायको घेऊन मायदेशी परतायचं, तर ब्रिटिश नागरिकाची वार्षिक कमाई 2012 पासून किमान 18,600 पौंड लागायची. एप्रिल 2024 मध्ये ती एकदम 29,000 झाली. म्हणजे तीस लाख रुपयांच्या वर!

परदेशातून अर्ज करताना जोडीदाराचा तिकडचा पगार कितीही गलेलठ्ठ असो, हिशेबात शून्य. ब्रिटिश माणूस स्वतःही परदेशात नोकरी करत असेल, तर तिथली कमाई दाखवायचीच, शिवाय ब्रिटनमध्ये तीन महिन्यांत सुरू होणारी नोकरीही खिशात हवी. नाहीतर बँकेत 88,500 पौंड सहा महिने ठेवा. मुलांचाही दर होता: ब्रिटिश नागरिक नसलेल्या पहिल्या मुलामागे 3,800 पौंड जादा, पुढच्या प्रत्येकामागे 2,400. नव्या अर्जदारांसाठी तो 2024 मध्ये रद्द झाला, एवढीच मेहेरबानी.

या जाचावर तोड निघाली ती एका भारतीयाच्या नावाने. सुरिंदर सिंग यांनी 1982 मध्ये ब्रॅडफर्डला ब्रिटिश तरुणीशी लग्न केलं. दोघं जर्मनीत नोकरी करून 1985 मध्ये परतले. पुढे संसार मोडला, सिंग यांना देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला. प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेलं. 1992 चा निकाल असा: युरोपातल्या दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाला जोडीदारासह युरोपीय कायद्याचे हक्क मिळतात. घटस्फोट तोवर होऊनही गेला होता. पण त्या मोडलेल्या लग्नाने कितीतरी संसार जुळवले! जोडपी आयर्लंडला बिऱ्हाड हलवायची, काही महिने नोकरी करायची आणि ‘सुरिंदर सिंग रूट’ने उत्पन्नाची अट टाळून घरी यायची. ब्रेक्झिटनंतर मार्च 2022 मध्ये ती वाट बंद झाली.

खरी मजा आपल्या गोंयकारांची. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. तो पासपोर्ट घेऊन बरेच जण इंग्लंडमधल्या स्विंडनला स्थायिक झाले. ब्रेक्झिटपूर्वी तिथे नोकरी करणारा गोंयकार युरोपीय नागरिक म्हणून भारतीय बायकोला उत्पन्नाच्या अटीशिवाय बोलावू शकत होता. शेजारच्या अस्सल इंग्रजाला मात्र 18,600 ची अट! पाहुण्याला पाट आणि घरच्याला ताटकळत ठेवणारं हे सरकार भलतंच आतिथ्यशील म्हणायचं.

डेन्मार्कने तर वयालाच हात घातला. 2002 पासून युरोपाबाहेरचा जोडीदार आणायचा तर दोघंही किमान 24 वर्षांचे हवेत. नशीब असं की कोपनहेगनहून स्वीडनच्या माल्मोला जाणारा ओरेसुंड पूल 2000 मध्येच खुला झाला होता. मग अनेक डॅनिश जोडप्यांनी त्याच युरोपीय कायद्याच्या आधारे माल्मोत संसार थाटला. नोकरी कोपनहेगनला, बायको स्वीडनमध्ये. टोल किंवा रेल्वेचा पास मात्र ज्याचा त्याने भरायचा.