निरोप दाराबाहेरच राहतो!

फ्लू झाला की अंग ठणकतं, हुडहुडी भरते, ताप चढतो. आपण बोल लावतो विषाणूला. पण हेपटायटिस-सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा त्यांचंही अंग असंच मोडून यायचं. फ्लूचा विषाणू नसताना! मग हे दुखणं येतं कुठून? पुष्कळसं आपल्याच पेशींनी एकमेकींना धाडलेल्या निरोपांतून.

निरोप नेणाऱ्या या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. इंटरफेरॉन त्यांतलंच एक. १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे, उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. मग भोवतालचा द्रव घेऊन त्यात नवे तुकडे ठेवले, तर ते जिवंत विषाणूला दाद देईनात. द्रवात काहीतरी उतरलं होतं!

पण निरोप वाचला कसा जातो? खरी कमाल इथे आहे. त्यासाठी इंटरफेरॉनला पेशीत शिरावंच लागत नाही. पोस्टमनने नुसती कडी वाजवावी आणि घरात पत्राचा मजकूर कळावा, तसला प्रकार! पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली दोन प्रथिनं असतात, टोक बाहेर, शेपूट आत. इंटरफेरॉन दोघांनाही धरतं आणि जवळ आणतं. बस, एवढंच. आत शेपटांना चिकटलेली ‘जॅक’ एन्झाइम त्यामुळे समोरासमोर येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, मग शेपटांवरही. त्या फॉस्फेटवर ‘स्टॅट’ प्रथिनं येऊन बसतात, स्वतः फॉस्फेट घेतात, जोडी जमवतात आणि थेट केंद्रक गाठतात. अर्ध्या तासाच्या आत शेकडो जनुकं जागी होऊ लागतात.

माणसात जॅक चारच, स्टॅट सात. त्यांवर पन्नासहून अधिक सायटोकाइनांचा कारभार चालतो! इंटरल्युकिन-२ आलं की स्टॅट-५ धावतं आणि टी-पेशी भराभर विभागू लागतात. इंटरफेरॉन-गॅमा आलं की स्टॅट-१ची जोडी जमते आणि भक्षक पेशी पोटातल्या क्षयाच्या जंतूवर तुटून पडते. जाग्या झालेल्या जनुकांतच ‘सॉक्स’ नावाचा ब्रेकही असतो. तो उलट येऊन जॅकलाच गप्प बसवतो.

हा ब्रेक पुरेनासा झाला की सांधे सुजत राहू शकतात. संधिवातावरची टोफॅसिटिनिब ही गोळी म्हणूनच जॅकच्या खाचेत जाऊन बसते. सूज उतरते, पण विषाणूंविरुद्धचे निरोपही अडतात. ही गोळी घेणाऱ्यांना नागीण उठण्याचा धोका वाढतो तो त्यामुळेच.